अकरातले सहा

यल्लाप्पानं हळदीनं भरलेलं ताट सुनेच्या हातात दिलं आणि लक्ष्मीच्या देवळाचं दार आतून लोटून घेतलं.

"एकेकानं या," तो म्हणाला. "घाई न्हाय कुणाला."

घाई नाही म्हणणाऱ्या या माणसाचा स्वतःचा पाय मात्र सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. दाराशी जायचा, फटीतून बाहेर बघायचा, परत यायचा, ताटातली हळद बोटानं सारखी करायचा. ती सारखीच होती. त्याची सून रूपाली डोक्यावर पदर घेऊन समईजवळ उभी होती आणि सासरा ताटात बोट घालायला आला की ताट जरा पुढं करत होती.

कुसमाडी ग्रामपंचायतीच्या अध्यक्षपदाची निवडणूक उद्या दुपारी एक वाजता होती. ही मधलीच, अवेळी आलेली निवडणूक. आधीच्या अध्यक्षा रुक्माबाईंचे गुडघे धरले, त्या पुण्याला लेकाकडं राहायला गेल्या आणि जाताना प्रांतसाहेबांपुढं अध्यक्षपदाचा अन् सदस्यपदाचाही राजीनामा ठेवून गेल्या. बारातले अकरा उरले. पद बाईसाठी राखीव. एकीकडं यल्लाप्पाची सून रूपाली, दुसरीकडं नागोजीच्या गटानं उभी केलेली सुविधा. अकरातले सहा ज्याचे, त्याचं अध्यक्षपद. यल्लाप्पाकडं सहा होते. मोजून सहा, वर एकही नाही, आणि तेच त्याला खात होतं.

म्हणून हा भंडारा. देवीची हळद हातात उचलून दिलेला शब्द मोडला तर घरादाराचं वाटोळं होतं, ही या मुलखातली पक्की समजूत. शिकलेला असो, बेळगावात नोकरीला असो, भंडारा उचललेला माणूस सहसा फिरत नाही. पहिला भरमू पुढं झाला. त्यानं चिमूटभर हळद उचलली, रूपालीलाच मत देणार म्हणून सांगितलं आणि कपाळाला लावली. गुंजीच्या वाटेवरच्या वाडीतले दोघं सदस्य होते, त्यांनीही तसंच केलं. जयाबाईनं मात्र हळद हातात घेऊन विचारलं, की चुकून फुली दुसऱ्याच नावापुढं पडली तर लक्ष्मी धरते का.

"धरती," यल्लाप्पा म्हणाला. "चष्मा घालून ये."

जयाबाई हसली, हळद कपाळाला लावून मोकळी झाली. यल्लाप्पानं बोटांवर मोजलं. रूपाली, भरमू, जयाबाई, वाडीतले दोघं. पाच झाले. सहावा देवळात आलाच नव्हता. तो बाहेर आपल्या पिकअपला टेकून उभा होता आणि यल्लाप्पानं दाराच्या फटीतून बघितलं तेव्हा मोबाइलवर कुणाला तरी सळ्यांचा भाव विचारत होता.

त्याचं नाव भीमरत्न. वय पस्तिशीचं, सेंट्रिंगची कामं घ्यायचा, खानापूरपासून लोंढ्यापर्यंत त्याच्या पाट्या आणि खांब फिरायचे. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतून तो निवडून आला होता, तोही यल्लाप्पाच्या पॅनेलमधून. त्याच्या आजोबांनी देव सोडले, त्याला आता साठ-पासष्ट वर्षं झाली. भंडारा तो उचलणार नाही, हे यल्लाप्पाला ठाऊक होतं. त्यातून सुविधा ही नात्यानं त्याची चुलत वहिनी, दोघांच्या घरात एकच भिंत. आता बोला. अशा माणसाला बांधायचं तर कशानं बांधायचं?

यल्लाप्पानं तेही करून बघितलं होतं. आदल्या दिवशी त्यानं भीमरत्नला बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्यात देव नसंल, बाबासाहेब तर हायत, त्यांच्या फोटोवर हात ठेव.

"आप्पा, फोटोवर हात ठेवला की मी खरं बोलणार, म्हंजे एरवी काय खोटं बोलतो?" भीमरत्न म्हणाला होता. "सुविधावहिनी हुशार हाईत, पण त्या नागोजीच्या गटातनं उभ्या हाईत. त्या नागोजीनंच आमची मोरी दोन वर्सं अडवून धरलीया. मी तुम्हाला मत देतो म्हटलंय. देतो."

ओढ्यावर व्हायची ती मोरी, तो छोटा पूल, म्हणजे वस्तीचा जीव. पावसाळ्यात ओढा भरला की पोरांची शाळा बंद, बाळंतीण असली तर तिला खाटेवर घालून पलीकडं न्यायची. रूपाली अध्यक्ष झाली की पहिल्याच मीटिंगला मोरीचा ठराव, असं यल्लाप्पानं कबूल केलं होतं. सौदा सरळ होता. पण सरळ सौद्यावर विश्वास बसावा असं यल्लाप्पाचं आयुष्य गेलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी तो स्वतः अध्यक्षपदाला उभा होता. तेव्हा सदस्यच अकरा होते, आणि तेव्हाही त्याच्याकडं सहा होते. त्यानं सगळ्यांना घरी बोलावून शिरा खाऊ घातला, सगळ्यांनी त्याच्या हातावर हात मारला आणि पेटीतून निघाली पाच. कोण फुटलं ते आजपर्यंत कळलं नाही. पंचायतीच्या ऑफिसात आजवरच्या अध्यक्षांच्या नावांचा लाकडी फळा आहे. यल्लाप्पा ऑफिसात गेला की तो फळा वाचल्याशिवाय खाली बसत नसे. अकरा नावं होती, त्यात घाडी आडनाव नव्हतं. आता वयाची सत्तरी गाठलेली, स्वतःचं नाव लागायची आशा संपलेली. निदान सुनेचं लागावं, रूपाली सौरव घाडी, एवढंच त्याला हवं होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यल्लाप्पा तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला होता.

रूपालीचा प्रश्नच नव्हता. वॉर्ड बाईसाठी राखीव झाला तेव्हा यल्लाप्पानंच तिला उभं केलं, निवडून आणलं. मीटिंगला बहुतेक वेळा तोच जाऊन बसे, रजिस्टर घरी आणून तिची सही घेई. पोरगी बी.ए. झालेली, शांत, कधी उलटून बोलली नाही. अध्यक्षपदाचं निघालं तेव्हा तिनं, मला नको आप्पा, असं म्हटलं खरं; पण पहिल्यांदा सगळ्याच नको म्हणतात. मुंडावळ्या बांधतानाही पोरगी रडतीच की. मुलगा सौरवनंही फोनवर विचारलं होतं. तो बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यात होता, आठवडाभर खासबागेतल्या खोलीत राहायचा आणि रविवारी घरी यायचा. रूपालीला विचारलंय न्हवं, असं त्यानं विचारल्यावर यल्लाप्पाला हसूच आलं. घरच्या माणसाला काय विचारायचं?

देवळातून बाहेर पडल्यावर सगळे आपापल्या वाटेला लागले. यल्लाप्पा घरी आला, दोन घास खाल्ले आणि ओढा ओलांडून भीमरत्नकडं गेला. निमित्त काढलं गोठ्याच्या खांबांचं. भीमरत्ननं खांबांचा हिशेब समजावून दिला. यल्लाप्पानं ऐकलं की नाही देव जाणे. तो शेजारच्या सुविधाच्या दाराकडं बघत होता. तिथं चपलांचे पाच जोड होते. घरी येऊन तो तासभर लवंडला, उठला आणि परत गेला. या खेपेला निमित्त, गोठ्याला खांब चार लागतील की सहा, हे विचारायचं राहिलं होतं. चार वाजता तो तिसऱ्यांदा गेला तेव्हा भीमरत्न कामावर गेलेला होता आणि त्याची आई तानीबाई अंगणात भाताच्या पेंढ्याचं पिंजर गोळा करत होती.

"आप्पा, आज तिसरी फेरी न्हवं ही?" ती म्हणाली. "घर इकत घ्यायचं असंल तर सांगा. रिकामं करून देतो."

यल्लाप्पा ओशाळला. तसाच उभ्या उभ्या सुगीची चौकशी करून परतला. वाटेत सुविधा भेटली. कडेवर पाण्याची कळशी, हातात पंचायतीची कसली तरी फाईल. तिनं बाजूला होऊन वाट दिली आणि बरं आहे का विचारलं. त्यानं मान हलवली. तिचा नवरा दीपंकर खानापूरच्या कोर्टात वकील, कायदा घरातच. पंचायतीच्या मीटिंगमध्ये ती कानडीतले जीआर वाचून दाखवते आणि अधिकाऱ्यांना गप्प करते, हे यल्लाप्पानं स्वतः बघितलं होतं. तिची त्याला भीती वाटायची. ती अध्यक्ष झाली तर रजिस्टर घरी न्यायचं बंद होणार, एवढं तर दिसतच होतं.

त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज भरले गेले. दोनच अर्ज आले, रूपालीचा आणि सुविधाचा. एकला पाच मिनिटं कमी असताना खानापूरहून आलेल्या निवडणूक अधिकाऱ्यांनी अकरा जणांना पंचायतीच्या ऑफिसात घेतलं आणि बाकीच्यांना गेटबाहेर काढलं. नवरे, सासरे, पुढारी, सगळे बाहेर. यल्लाप्पानं आयुष्यभर त्या खोलीत आपल्या हक्कानं पाय ठेवला होता. आज शिपायानं त्याच्या तोंडावर गेट लावलं. आत जाताना रूपाली जरा थांबली. काही बोलायचं आहे असं तिच्या तोंडावर दिसलं. यल्लाप्पानं तिला हातानंच जा जा केलं, पेन घेतलंस का विचारलं आणि नजर मागून येणाऱ्या भीमरत्नवर रोखली.

भीमरत्नचा शर्ट कडक इस्त्रीचा होता. कुणासाठी घातलाय?

बाहेर चिंचेखाली तो येरझाऱ्या घालत राहिला. तंबाखू मळली, तोंडात टाकायची विसरून झटकून टाकली. नागोजीची माणसं पलीकडं टेम्पोत बसून भडंग खात होती. त्यांचं हसणं त्याला पटत नव्हतं. हरणारी माणसं इतकी हसत नाहीत. मग त्याला वाटलं, जिंकणारीही हसत नसतात, ती घाबरलेली असतात. म्हणजे आपण जिंकणार. एवढा हिशेब लावून झाल्यावर तो जरा टेकला आणि लगेच परत उठला.

पावणेदोनला शिपाई गेटशी आला. त्यानं कुणाकडं न बघता सांगितलं. सुविधा सहा, रूपाली पाच.

टेम्पोतली माणसं ओरडत खाली उतरली. गुलालाची पुडी फुटली, फटाक्यांची माळ लागली. यल्लाप्पाला त्यातलं काही नीट ऐकू आलं नाही. बारा वर्षांपूर्वी हेच आकडे, याच चिंचेखाली, असेच कुणीतरी येऊन सांगितलेले. पण तेव्हा कोण फुटलं ते कळलं नव्हतं. आज ते विचारायचीही गरज नव्हती.

सदस्य एकेक करून बाहेर येऊ लागले. उमेदवारांच्या सह्या व्हायच्या होत्या म्हणून रूपाली आणि सुविधा आतच थांबल्या. भरमू आला, जयाबाई आली, वाडीतले दोघं आले. चौघांनीही आल्या आल्या आपापल्या कपाळावरची कालची हळद दाखवल्यासारखं कपाळ चोळलं. शेवटी भीमरत्न आला. तो सरळ यल्लाप्पापाशी आला. बहुतेक काही समजुतीचं बोलणार होता. यल्लाप्पानं त्याला बोलू दिलं नाही.

"ज्यानं देवच सोडला, त्याचा शब्द तो कसला," तो म्हणाला. चौघं ऐकत होते, नागोजीची माणसंही ऐकत होती. "जातीवर गेलास. आता मोरीचं नाव माझ्यापुढं काढू नगंस."

भीमरत्नचा चेहरा फटाक्याच्या धुरात नीट दिसला नाही.

"आप्पा, चार माणसांत बोललासा," एवढंच तो म्हणाला. मग पिकअपमध्ये बसला आणि गेला.

यल्लाप्पाला बरं वाटायला हवं होतं. बारा वर्षं तोंडात धरून ठेवलेलं बोलून झालं होतं. पण तसं वाटेना. तो घराकडं चालू लागला. चौघं त्याच्याबरोबर लक्ष्मीच्या देवळापुढच्या कट्ट्यापर्यंत आले आणि तिथंच बसले. भीमरत्नला पुढच्या खेपेला कसा पाडायचा, याची बोलणी त्यांनी लगेच सुरू केली. यल्लाप्पा थांबला नाही.

घरी त्याची बायको गुणाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. तो प्याला नाही. उठला, परड्यात जाऊन गोठा बघून आला, परत बसला, परत उठला. अर्ध्या तासानं रूपाली आली. एकटीच चालत आली होती; वाटेत कट्ट्यावर जयाबाईनं तिला गाठलं होतं. तिनं पाय धुतले, पदराला हात पुसले आणि ओसरीच्या खांबाशी उभी राहिली.

"आप्पा, गेटवर तुम्ही भीमरत्नदादांना बोललात म्हणे."

"मग काय ओवाळू त्याला?"

"त्यांनी मत मलाच दिलंय."

यल्लाप्पा हसला. पोरगी भोळी. पेटीत चिठ्ठ्या पडल्यावर कुणाची कुठली, हे कुणाला कळतं? त्यानं तिला तसं सांगितलं. रूपालीनं ऐकून घेतलं.

"मला पाच पडली," ती म्हणाली. "भरमूकाका, जयाबाई, वाडीतले दोघं, भीमरत्नदादा. मोजा तुम्ही."

त्यानं सवयीनं मोजलं. अंगठ्यापासून सुरुवात केली आणि करंगळीवर भीमरत्न आला. पाच बोटं भरली. पण हे मोजणं त्याचं नेहमीचं नव्हतं. नेहमी अंगठ्यावर रूपाली असायची, आज ती कुठल्याच बोटावर नव्हती. त्यानं दुसरा हात वर उचलला आणि तो तसाच राहिला.

"आणि तू?" त्यानं विचारलं.

"मी सुविधाताईंना दिलं."

गुणाबाईचा सुपातला हात थांबला. परड्यात म्हैस ओरडली. यल्लाप्पाला वाटलं, आपण आता उठू, काहीतरी फेकू, सौरवला फोन लावू. यातलं त्यानं काही केलं नाही. त्याला फक्त एकच सुचलं आणि ते इतकं खुळं होतं की बोलून गेल्यावर त्यालाच लाज वाटली.

"अगं, ताट तर तूच धरलतंस."

"व्हय," रूपाली म्हणाली. तिचा आवाज आता जरा हलला. "मी तीनदा नको म्हटलं, आप्पा. राजीनामा आला तेव्हा म्हटलं, परवा म्हटलं, काल सकाळी हळद भरताना परत म्हटलं. तुम्ही हसलात. मग देवळात ताट धरून उभी होते तेव्हा वाटलं, आता मलाही म्हणतील, उचल. म्हटला असतात तर तिथंच सगळ्यांपुढं सांगणार होते, की मी नाही उचलत. मनाची तयारी करून आले होते. तुम्ही सगळ्यांना म्हटलात. मला म्हटलंच नाहीत."

यल्लाप्पाला देऊळ आठवलं. समई आठवली, जयाबाईचं हसणं आठवलं. ताट धरलेली पोरगी कशी दिसत होती, हे काही केल्या आठवेना.

"घरचं नाव लागलं असतं गं फळ्यावर," तो म्हणाला.

"लागलं असतं. आणि खुर्चीत तुम्ही बसला असता. मी इथं बसून सह्या केल्या असत्या." ती थांबली. मग एकदम बोलत सुटली. दोनदाच ती मीटिंगला गेली होती. एकदा शाळेतल्या पोरींच्या संडासाला पाणी नव्हतं, तो विषय निघाला. अधिकारी म्हणाला, निधी नाही. सुविधानं फाईल उघडून दाखवली आणि मग शेजारी बसलेल्या रूपालीला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिला घाम फुटला. ती दोन वाक्यं बोलली, पाणी आठवड्यात आलं. "लग्न होऊन आले तेव्हापासून असं मला कुणी विचारलं नव्हतं, आप्पा. तुम्ही वाईट नाही. पण तुम्ही विचारत नाही."

गुणाबाईनं सूप खाली ठेवलं.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," ती कुणाकडं न बघता म्हणाली. "त्या पोराच्या दारात तीन खेपा घातल्या यांनी."

यल्लाप्पा चिडला, पण चिडायला जागा सापडेना. बायकोवर चिडावं तर ती खरं बोलत होती. सुनेवर चिडावं तर ती रडत होती आणि रडतानाही त्याच्याकडंच बघत होती. तिनं डोळे पुसले.

"भीमरत्नदादांकडं तुम्ही जाताय की मी जाऊ?" तिनं विचारलं. "जेवण झाकून ठेवते."

तो गेला. ओढा ओलांडताना त्यानं मनाशी सगळी जुळवाजुळव केली. बाजूला घ्यायचं, खांद्यावर हात ठेवायचा, गैरसमज झाला म्हणायचं. मोरीचं आपल्या हातात आता काही उरलं नाही, पण सुविधाच्या मागं लागून करून घेऊ म्हणायचं. सुनेचं नाव शक्यतो काढायचं नाही. काढावंच लागलं तर हळू काढायचं.

भीमरत्न अंगणात सळ्या वाकवत होता. इस्त्रीचा शर्ट दोरीवर टांगलेला. तानीबाई उंबऱ्यात बसली होती. आज तिनं थट्टा केली नाही. यल्लाप्पानं त्याला गवताच्या गंजीआड नेलं आणि ठरवलेलं सगळं सांगितलं. गैरसमज झाला एवढ्यावर भीमरत्न गप्प राहिला तेव्हा सुनेचं नावही सांगितलं, अगदी हळू.

भीमरत्ननं हाताला लागलेला गंज पँटला पुसला.

"रूपालीवहिनीला काय बोलू नगासा," तो म्हणाला. "तिचं तिनं केलं. माझं काय करताय?"

"तुझी माफी मागायलाच आलोय की."

"गंजीमागं?"

घराची अब्रू जाईल, असं यल्लाप्पा कसंबसं म्हणाला. सुनेनं सासऱ्याला पाडलं म्हणून गाव वर्षभर हसंल. पोराला बेळगावात तोंड दाखवता येणार नाही.

"आणि माझी गेली ती?" भीमरत्न म्हणाला. आवाज चढला नव्हता. "सगळ्या तालुक्यात माझं काम शब्दावर चालतं, आप्पा. ॲडव्हान्स न घेता लोक पाट्या नेतात, मी न विचारता देतो. आज संध्याकाळपर्यंत ही गोष्ट खानापूरला गेलेली असंल. जातीवर गेला, शब्द मोडला. चार माणसांत बोललासा, चार माणसांत मागं घ्या. ते चौघं कट्ट्यावरच हाईत अजून. मघा सळ्या आणायला गेलतो तवा बघितलं."

एवढं बोलून तो सळ्यांकडं परत गेला नाही. पायात चपला घातल्या आणि वाटेला लागला. यल्लाप्पा त्याच्या मागून चालू लागला. ओढ्याच्या दगडांवरून दोघं एकामागून एक पार झाले. देवळाच्या वळणावर भीमरत्न बाजूला झाला आणि त्यानं म्हाताऱ्याला पुढं जाऊ दिलं.

कट्ट्यावर भरमू, जयाबाई आणि वाडीतले दोघं तसेच बसले होते. चहा आलेला होता. यल्लाप्पाला बघून भरमूनं सरकून जागा केली, कप पुढं केला. मग त्याला मागं उभा असलेला भीमरत्न दिसला आणि त्याचा हात तिथंच थांबला.

यल्लाप्पा बसला नाही. अंगातला सगळा जोर गोळा करावा लागला, तरी आवाज घोगराच निघाला.

"ऐका," तो म्हणाला. "भीमरत्ननं मत आपल्यालाच दिलं. दुपारी मी त्याला बोललो ते खोटं होतं. फुटलं ते माझ्या घरचं. रूपालीनं सुविधाला मत दिलं."

वाडीतल्या एकानं दुसऱ्याकडं बघितलं. जयाबाईनं पदर तोंडाला लावला. भरमूनं कप खाली ठेवला आणि समजूतदार माणसासारखी मान हलवली.

"आप्पा, मोठ्या मनाचा हाईस तू," तो म्हणाला. "पण ह्याला वाचवायला सुनेच्या नावावर कशाला घालतोस? तुझ्या घरची पोरगी असं करंल व्हय? आमी लहान हाय का आता?"

"तिनं स्वतः सांगितलं मला."

"कुणापुढं सांगितलं? कशावरनं मानायचं आमी?"

यल्लाप्पानं तोंड उघडलं. चौघं त्याच्याकडं बघत होते, मागून भीमरत्न बघत होता, हे त्याला पाठीला कळत होतं. दाखवायला त्याच्याकडं काही नव्हतं.

"मी सांगतोय न्हवं," तो म्हणाला.

भरमूनं जयाबाईकडं बघितलं, मग खाली कपाकडं. कुणी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. यल्लाप्पानं तेच पुन्हा एकदा, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.